ओबद्या संदेष्टा : एकवीस वचनांवरील वादांचा आढावा

हिब्रू धर्मग्रंथातील बारा लघुसंदेष्ट्यांपैकी ओबद्या हा सर्वांत अल्पाक्षरी होय. त्याच्या नावावरचे पुस्तक एकाच अध्यायाचे, अवघ्या २१ वचनांचे असून सबंध जुन्या करारात त्याहून लहान पुस्तक नाही. तरीही त्याचा कर्ता कोण, तो कोणत्या शतकात झाला, ज्या राष्ट्रावर त्याने कोरडे ओढले त्या राष्ट्राचा अपराध नेमका काय होता, आणि अखेरच्या वचनांत आलेला एक मुलूख पृथ्वीच्या पाठीवर कोठे शोधावा, यांपैकी एकाही प्रश्नावर विद्वानांचे पुरते एकमत आजवर झालेले नाही. चौथ्या शतकातील जेरोमने तरुणपणी भाष्यलेखनाचा श्रीगणेशा याच पुस्तकापासून केला आणि पुढे, इ. स. ३९६ च्या सुमारास, त्याच पुस्तकावर दुसऱ्यांदा भाष्य लिहिताना त्यास आपल्या पहिल्या धाडसाची लाज वाटली. ग्रंथ लहान म्हणजे सोपा, असे समजणाऱ्यांना एवढा दाखला पुरे व्हावा.

सुरत जिल्ह्यातील कडोदऱ्यास, जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग सुरत-बारडोली रस्त्यास छेदून जातो आणि जेथल्या कापडाच्या कारखान्यांत खानदेशातून आलेला मराठी कामगार उत्तर हिंदुस्थानी आणि ओडिया कामगारांच्या शेजारी उभा असतो, या प्राचीन हिब्रू संदेष्ट्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. येथून पश्चिमेस थोड्याच अंतरावर असलेल्या सुरत बंदरात अठराव्या शतकात अलेप्पो, बगदाद आणि बसरा येथील अरबीभाषक यहुदी व्यापाऱ्यांची वसाहत होती; याच सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीच्या स्किनर आणि फायवी यांनी केलेले बायबलाचे गुजराती भाषांतर १८२३ पर्यंत छापून निघाले; आणि येथून दक्षिणेस, कोकणच्या किनाऱ्यावर, शनिवार पाळणारे व म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले मराठीभाषक बेने इस्रायल शतकानुशतके नांदत आले. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहावयाचे आहे. प्रथम मूळ ग्रंथाकडे वळणे युक्त होईल.

ग्रंथाचा आशय

अदोम हे मृत समुद्राच्या दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशातले राष्ट्र. हिब्रू परंपरेनुसार अदोमी हे एसावाचे वंशज आणि इस्राएली हे त्याचा जुळा भाऊ याकोब याचे. म्हणजे मसुरीच्या कालवणासाठी विकलेल्या ज्येष्ठत्वाच्या हक्कापासून या दोन घराण्यांचा कज्जा सुरू होतो. खडकाच्या कपारींत, गरुडाच्या घरट्याच्या उंचीवर राहणाऱ्या अदोमाचा गर्व उतरेल, त्याचे दोस्तच त्यास दगा देतील, अदोमातील तेमानच्या शहाण्यांची बुद्धी नष्ट होईल, असे संदेष्टा प्रथम बजावतो. मग तो दोषारोप ठेवतो : यरुशलेमेच्या वेशींत परके शिरले आणि नगरीवर चिठ्ठ्या पडू लागल्या, त्या दिवशी तू दूर उभा राहिलास, भावाच्या आपत्तीकडे पाहून हसलास, लुटीत हात घातलास, पळणाऱ्यांना चव्हाट्यावर अडवून शत्रूच्या हवाली केलेस. शेवटी दृष्टी विस्तारते. सर्व राष्ट्रांचा न्यायदिवस जवळ येतो, सियोन डोंगरावर काही लोक वाचतात, गमावलेले प्रांत परत मिळतात आणि राज्य परमेश्वराचे होते. भाऊबंदकीची ही फिर्याद मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. परक्याच्या तलवारीपेक्षा भावाचे उघड्या डोळ्यांनी पाहत राहणे अधिक जिव्हारी लागते, हा त्या फिर्यादीचा गाभा आहे.

नाव आणि माणूस

ओबद्या म्हणजे परमेश्वराचा सेवक. ग्रंथारंभी पित्याचे नाव नाही, गाव नाही, समकालीन राजाचा उल्लेख नाही. केवळ ‘दर्शन’ आणि हे नाव. त्यामुळे हे व्यक्तिनाम नसून ईश्वरभक्ताची पदवीच असावी, अशी शंका काहींनी घेतली आहे. उलट पक्षी असे दाखविले जाते की या नावाची डझनभर माणसे खुद्द बायबलातच आढळतात आणि प्राचीन हिब्रू मुद्रांवरही हे नाव कोरलेले मिळते. इतक्या रूढ नावास पदवी मानण्याचे प्रयोजन उरत नाही. दुसरा पक्ष मला अधिक सबळ वाटतो, परंतु त्याने आपल्या हाती एका नावापलीकडे काही पडत नाही, हेही खरे.

परंपरेस मात्र रिकामी जागा सहन होत नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात अहाब राजाचा ओबद्या नावाचा कारभारी येतो. ईजबेल राणी संदेष्ट्यांची कत्तल करीत असता त्याने १०० संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपविले व त्यांच्या अन्नपाण्याची तरतूद केली, आणि दुष्काळात चारा-पाणी शोधीत फिरताना त्याची गाठ एलीया संदेष्ट्याशी पडली. बाबिलोनी तालमूद याच कारभाऱ्यास आपला संदेष्टा मानतो आणि अदोमाविरुद्धचे भविष्य त्याच्याच मुखी का आले, याची मोठी मार्मिक उपपत्ती देतो : एसाव दोन सज्जनांच्या घरी वाढून काही शिकला नाही, तर ओबद्या दोन दुर्जनांच्या दरबारी राहूनही बिघडला नाही, तेव्हा एकाचा निवाडा दुसऱ्याने करणे न्याय्यच. त्याच ठिकाणी रब्बी मेईर याच्या नावे आणखी एक मत नमूद आहे : ओबद्या हा मूळचा अदोमीच, यहुदी धर्म स्वीकारलेला, आणि त्यास जोडून जी म्हण दिली आहे ती रानातूनच कुऱ्हाडीचा दांडा निघतो अशा अर्थाची आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ’ ही आपली म्हण आणि ती म्हण या दोन भगिनी इतक्या सारख्या दिसतात की क्षणभर थबकावे लागते.

या आख्यायिकेचा परिणाम पुढे नामकरणावर झाला. मध्ययुगात यहुदी धर्म स्वीकारणाऱ्या काहींनी ओबद्या हेच नाव घेतले; इ. स. ११०२ मध्ये धर्मांतर केलेला दक्षिण इटलीतला नॉर्मन ओबद्या, ज्याच्या हस्ताक्षरातील हिब्रू गीतांची स्वरलिपी कैरोच्या गेनिझा दप्तरात सापडली, हा त्यांतला प्रसिद्ध. आणि मायमोनिडीझने ज्यास तूही ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे म्हणून प्रार्थना करू शकतोस असा निर्वाळा पत्राने दिला, तो धर्मांतरित गृहस्थही ओबद्याच. इतिहासाच्या दृष्टीने मात्र कारभारी आणि संदेष्टा एकच, या मतास आधार दुबळा आहे. बाराव्या शतकातील अब्राहम इब्न एझ्रा याने तेव्हाच सांगून टाकले की या संदेष्ट्याची पिढी आपणास ठाऊक नाही आणि अहाबाच्या कारभाऱ्यास ग्रंथात देवभीरू म्हटले आहे, संदेष्टा म्हटलेले नाही. आधुनिक अभ्यासकही बहुतांशी येथेच थांबतात.

काळनिर्णय

काळाविषयी तीन पक्ष ठळक आहेत. पहिला पक्ष ग्रंथास इ. स. पू. नवव्या शतकात नेतो. यहूदाचा राजा यहोराम याच्या कारकिर्दीत अदोमाने बंड करून स्वातंत्र्य मिळविले आणि पलिष्टी व अरब टोळ्यांनी राजवाडा लुटला, तोच प्रसंग येथे अभिप्रेत आहे, असे हा पक्ष मानतो. काइल, डेलिच अशा एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी हे मत कमीअधिक हिरिरीने मांडले व परंपरानिष्ठ ख्रिस्ती लेखकांत ते अद्याप टिकून आहे. त्यांचे दोन मुद्दे विचारार्ह आहेत. ग्रंथात यरुशलेमेची लूट आहे, पण मंदिर जळाल्याचा उल्लेख नाही. शिवाय बाराव्या ते चौदाव्या वचनांत आठ वेळा ‘असे करू नकोस’ या अर्थाची निषेधात्मक क्रियापदे आली आहेत, आणि होऊन गेलेल्या गोष्टीचा निषेध भूतकाळात करावयाचा, तर हे पुढील वर्तनाविषयीच्या इशाऱ्यासारखे दिसते.

दुसरा, आणि आज बहुसंख्यांचा, पक्ष ग्रंथ इ. स. पू. ५८७ नंतर थोड्याच काळात ठेवतो. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम पाडले त्या प्रसंगी अदोमाने केलेल्या वर्तनाचा संताप विलापगीत, यहेज्केल आणि १३७ वे स्तोत्र यांतूनही उमटतो, आणि ओबद्याचा सूर या साऱ्यांशी जुळतो. आठ निषेध हे प्रत्यक्ष दृश्य डोळ्यांपुढे पुन्हा उभे करणाऱ्या वक्त्याचे अलंकरण होय, असा त्यांचा खुलासा आहे. हान्स वाल्टर वोल्फ याने या पक्षास एक जिवंत पार्श्वभूमी दिली : उद्ध्वस्त नगरीत जे उपवासाचे व शोकाचे मेळावे भरत, त्यांत उभे राहून ओबद्याने हे उच्चारले असावे. तिसरा पक्ष वेलहाउझेनपासून निघतो. अरब टोळ्यांनी अदोम्यांना हुसकून लावल्यानंतरचे, म्हणजे इ. स. पू. पाचव्या शतकातले चित्र तो पहिल्या वचनांत पाहतो. याच दिशेने पुढे जाऊन एहुद बेन झ्वी याने १९९६ मध्ये असे प्रतिपादन केले की वक्ता कोण होता यापेक्षा इराणी अंमलाखालील यहूदातील शिक्षित वर्गाने हा ग्रंथ पुनःपुन्हा कसा वाचला, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

तिन्ही पक्षांत दुसऱ्याचे पारडे जड आहे, असे मला वाटते. नवव्या शतकातील लुटीत अदोमाने यरुशलेमेविरुद्ध काही केल्याचे राजांचे ग्रंथ सांगत नाहीत, ही पहिल्या पक्षाची अडचण भाष्यांच्या कितीही खंडांनी भरून निघत नाही.

यिर्मयाशी साम्य

ओबद्याची पहिली चार वचने आणि यिर्मयाच्या ४९ व्या अध्यायातील १४ ते १६ ही वचने, तसेच येथली पाचवे-सहावे आणि तेथली नववे-दहावे, यांत इतके शब्दसाम्य आहे की एकाने दुसऱ्यापासून उतरून घेतले किंवा दोघांनी तिसऱ्यापासून, यात संशय राहत नाही. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा वाद कास्पारी या पंडिताच्या १८४२ च्या ग्रंथापासून रंगला आहे. ओबद्यात ही वचने सलग व सुसंबद्ध असून यिर्मयात विखुरलेली आहेत, म्हणून ओबद्या मूळ, असे एक म्हणतात. विखुरलेले गोळा करून नीट रचणे हेच मागाहून आलेल्याचे लक्षण, असे दुसरे उत्तर देतात. अदोमाविरुद्ध प्रचलित असलेली एखादी जुनी भविष्यवाणी दोघांनी वापरली असावी, या तडजोडीकडे अलीकडे पुष्कळांचा कल आहे. तडजोड सोयीची आहे, पण ती सिद्ध करणारा तिसरा मजकूर कोणाच्या हाती नाही.

ग्रंथ एकाच हातचा की दोन हातांचा, हा प्रश्नही यास लागून येतो. पंधराव्या वचनाचा उत्तरार्ध चौदाव्याशी आणि पूर्वार्ध सोळाव्याशी जुळतो, तेव्हा तेथे ओळींची अदलाबदल झाली असावी, अशी वेलहाउझेनची सूचना पुष्कळांनी मान्य केली. अखेरची तीन वचने नंतरची भर, असेही अनेकांचे मत आहे. पॉल राबेसारखे भाष्यकार मात्र ग्रंथ आहे तसाच एकसंध वाचतात. यहूदी वाळवंटातील मुरब्बाआत येथे १९५५ मध्ये सापडलेल्या बारा संदेष्ट्यांच्या गुंडाळीतला पाठ प्रचलित हिब्रू पाठाशी फार जवळचा आहे, त्यावरून इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात पाठ स्थिर झाला होता एवढे कळते, त्यापूर्वीच्या सहा शतकांत काय घडले ते कळत नाही.

अदोमावरील आरोप कितपत शाबीत?

येथे पुरातत्त्वाने वादास खरे नवे वळण दिले. नेगेबमधील अराद किल्ल्यात सापडलेल्या, शाईने लिहिलेल्या खापरांपैकी एकावर, अदोमी येऊन पोहोचू नयेत म्हणून दुसऱ्या ठाण्याकडे तातडीने माणसे रवाना करण्याचा हुकूम आहे. यहूदाच्या अखेरच्या वर्षांतले हे लष्करी दप्तर असल्याने सरहद्दीवरील अदोमी दडपणाचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरतो. त्याच प्रदेशात कितमित येथे अदोमी वळणाचे देवस्थान उजेडात आले. अर्थात अदोमी लोक यहूदाच्या दक्षिण भागात सरकत होते, हे आता नाकारता येत नाही.

परंतु सरहद्दीवरील दडपण आणि राजधानीच्या लुटीतील भागीदारी या दोन वेगळ्या बाबी आहेत. जे. आर. बार्टलेट याने १९८२ मध्ये अदोमाची कैफियत मांडली ती अशी : राजांच्या दुसऱ्या ग्रंथात व यिर्मयाच्या कथनात यरुशलेमेच्या पाडावाची हकीकत सविस्तर असता तीत अदोम्यांचा सहभाग कोठेही नाही, उलट काही यहुदी निर्वासितांनी अदोमातच आश्रय घेतल्याचे यिर्मया सांगतो, तेव्हा पराभूत राष्ट्राने आपला क्षोभ शेजाऱ्यावर काढला असण्याचा संभव मोठा आहे. मंदिर अदोम्यांनीच जाळले, असे पुढे एझ्राच्या पहिल्या अप्रमाण ग्रंथात येते. आरोप पिढ्यांगणिक कसा वाढत जातो याचा तो नमुना होय. बार्टलेटच्या विरोधकांचे म्हणणे असे की इतक्या निरनिराळ्या ग्रंथांतून एकाच प्रकारची तक्रार येते, ती सर्वस्वी कल्पित कशी मानावी? क्रिस्टल बेनेट हिने १९७१ पासून बुसैरा येथे, म्हणजे प्राचीन बस्रा नगरीत, केलेल्या उत्खननाने अदोमाच्या राजधानीचे वैभव दाखविले, आणि तेथून फार दूर नसलेल्या सेलाच्या कड्यावर बाबिलोनी राजा नबोनिदस याचे समजले जाणारे शिल्प आहे. अदोमाचा नाश अखेर त्याच बाबिलोनच्या हातून झाला असावा. ज्यांच्याशी दोस्ती केली त्यांनीच घात केला, हे ओबद्याचे भाकीत या पुराव्याच्या प्रकाशात निराळेच वजन धारण करते.

पुढे अदोम हे नाव आपल्या भूमीपासून सुटले. यहुदी वाङ्मयात ते प्रथम रोमचे आणि मग ख्रिस्ती सत्तेचे सांकेतिक नाव झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधून हद्दपार झालेल्या आबार्बनेलने ओबद्या वाचला तो याच अर्थाने. ग्रंथाचा सूर सूडाचा की न्यायाचा, या नैतिक वादाची मुळे या वाचनपरंपरेत बरीच खोल गेलेली आहेत.

सफाराद कोठे?

विसाव्या वचनात यरुशलेमेचे जे निर्वासित सफारादात आहेत त्यांचा उल्लेख येतो. हे स्थलनाम बायबलात अन्यत्र कोठेही नाही. हिब्रूतील एक अक्षर शब्दास जोडून वाचल्याने जेरोमास येथे बॉस्फरस दिसला. अरामी भाषांतराने त्याचा अर्थ स्पेन असा केला, आणि तो इतका रूढ झाला की स्पेन व पोर्तुगालमधील यहुदी ‘सफारादी’ म्हणविले गेले. आधुनिक संशोधन मात्र आशिया मायनरमधील सार्दिस नगरीकडे बोट दाखविते : तेथे सापडलेल्या लिदियन-अरामी द्वैभाषिक लेखात नगरीचे नाव याच व्यंजनांनी लिहिले आहे आणि दारयवहूच्या शिलालेखांत ‘स्पर्द’ प्रांत येतो. मीडियातील एक प्रदेश सुचविणारेही आहेत. सार्दिस येथे १९६२ मध्ये भव्य सभास्थान उजेडात आले खरे, परंतु ते ओबद्याहून अनेक शतके अर्वाचीन असल्याने या वादात साक्षीस उभे करता येत नाही. सार्दिसचा पक्ष सर्वांत बळकट आहे, एवढे म्हणता येते.

कोकण आणि सुरत

सफाराद या एका शब्दाचा धागा थेट आपल्या किनाऱ्यास येऊन पोहोचतो. अलिबागजवळच्या नवगाव येथे जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी ज्यांची परंपरागत कथा, त्या बेने इस्रायलांपाशी अठराव्या शतकापर्यंत हिब्रू ग्रंथ नव्हते. शनिवार, सुंता, ‘शेमा’ची प्रार्थना आणि काही सण एवढे जतन झाले होते. यरुशलेमेच्या पाडावाचा दिवस त्यांच्यात वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. ज्या घटनेने ओबद्याचा कंठ फुटला असे बहुसंख्य विद्वान मानतात, तिची आठवण ओबद्याच्या पुस्तकावाचून रायगडच्या खेड्यांत वालाच्या दाण्याने राखली, ही गोष्ट भाष्यकारांच्या टिपांत सहसा आढळत नाही. एलीयाविषयीची त्यांची भक्ती तर सर्वश्रुत आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यास खडकावरील खुणा एलियाहू हनाबीच्या रथाच्या मानून तेथे पोहे-खोबऱ्याचा मलिदा केला जातो. एलीयाशी रस्त्यात गाठ पडलेला ओबद्या मात्र त्या भक्तीत शिरला नाही.

ग्रंथरूपाने तो मागाहून आला, आणि दोन वाटांनी आला. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी येथे सफारादी उपासनापद्धती रुजविली. मुंबईस समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सभास्थान उभारले. या पद्धतीत याकोब आणि एसाव यांच्या पुनर्भेटीचा पाठ ज्या शब्बाथास येतो, त्या दिवशी संदेष्ट्यांतून वाचावयाचा भाग म्हणजे संपूर्ण ओबद्या. ज्या ग्रंथातील स्थलनामावरून पद्धतीस नाव मिळाले, तोच ग्रंथ त्या पद्धतीने दरसाल वाचला जातो, असा हा योग आहे. आणि अहमदाबादेस खमासा भागात १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या मागेन अब्राहम सभास्थानाच्या रूपाने गुजरातेतही ही वहिवाट मराठी मातृभाषेच्या मंडळींनीच आणली. दुसरी वाट मिशनऱ्यांची. जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, बेने इस्रायल विद्यार्थ्यांपैकी पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारखे हिब्रूचे पंडित निघाले, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केडगावी केलेले संपूर्ण बायबलाचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सुरतेचा संबंध नावापुरता आहे, पण विषयच नावाचा असल्याने तो सोडवत नाही. अलेप्पोत १७६२ मध्ये जन्मलेला शालोम ओबद्या हाकोहेन १७९२ मध्ये सुरतेस उतरला, १७९८ मध्ये कलकत्त्यास जाऊन तेथील यहुदी वसाहतीचा संस्थापक ठरला, आणि पुढे लखनौ दरबारी जवाहिऱ्या म्हणून राहिला. त्याच्याआधी सुमारे १७३० मध्ये जोसेफ सेमाह सुरतेहून मुंबईस गेला होता. बंदराचा व्यापार मुंबईकडे वळला तशी सुरतेची यहुदी वसाहतही विरत गेली.

जे अनिर्णित आहे

अदोमाची स्वतःची बाजू सांगणारा एखादा दीर्घ लेख सापडेपर्यंत आरोपाचा निकाल एकतर्फी साक्षीवरच अवलंबून राहणार, हे उघड आहे. अदोमी लिपीतील खापरे व मुद्रा थोड्या आणि त्रोटक आहेत. यिर्मयाशी असलेल्या नात्याचा उलगडा शैलीच्या परीक्षणाने होईल, असे मला वाटत नाही. ते साधन दोन्ही बाजूंनी वापरून बोथट झाले आहे. मराठीपुरते पाहावयाचे तर सभास्थानातील वाचन आणि चर्चमधील वाचन या दोन परंपरा एकाच भाषेत शेजारी-शेजारी चालत आल्या आहेत, आणि त्या एकत्र ठेवून तपासण्याचे काम एखाद्या जिज्ञासूने अंगावर घेण्याजोगे आहे. तोवर सामान्य वाचकाने कोणतेही मराठी बायबल उघडून आधी राजांच्या पहिल्या ग्रंथाचा अठरावा अध्याय, मग यिर्मयाचा एकोणपन्नासावा, आणि त्यानंतर ओबद्याची २१ वचने सलग वाचावीत. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि वर सांगितलेल्या पक्षांपैकी कोणता पत्करावा हे ठरविण्याचा अधिकार त्यास तेवढ्याने मिळतो.